रंग नसलेल्या गावाचे चित्र

एका माध्यमातली कलाकृती दुसऱ्या माध्यमात नेताना काय हाती लागते आणि काय निसटते, याची चर्चा आपल्याकडे बहुधा कादंबरीवरून झालेल्या नाटक-सिनेमांपुरतीच होते. कादंबरीची चित्रकादंबरी, म्हणजे ज्याला आता सर्रास ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती, झाली तर समीक्षक तिकडे फिरकत नाहीत. चित्रांचे पुस्तक म्हणजे धड न वाचणाऱ्या पोरांसाठी केलेली सोय, असा एक समज त्यामागे आहे. तो पालकांचा आहे, शिक्षकांचा आहे आणि खरे सांगायचे तर साहित्यिकांचाही आहे. लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही कुमार वाचकांसाठीची विज्ञान कादंबरी आणि पी. क्रेग रसेल यांनी २०१९ साली तिची केलेली चित्रकादंबरी एकापाठोपाठ एक वाचली, तर हा समज टिकणे कठीण आहे. या कादंबरीच्या पोटात अशी एक गोष्ट दडलेली आहे, की जी चित्रात आणता येणारच नाही असे कुणालाही वाटावे. तिच्यातल्या गावात रंगच नाहीत. आणि वाचकाला ही गोष्ट अर्धे पुस्तक वाचून होईपर्यंत कळत नाही.

‘द गिव्हर’ १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. ती तिथे अनेक शाळांतून शिकवली गेली आणि अनेक शाळांतून ती काढून टाका अशी मागणीही होत राहिली. कथा भविष्यातल्या एका आखीव वस्तीची आहे. तिथे भूक नाही, भांडण नाही, युद्ध नाही. प्रत्येक कुटुंबाला अर्ज केल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी मिळते. नवव्या वर्षी सायकल मिळते, बाराव्या वर्षी काम नेमून दिले जाते. डोंगर सपाट केलेले आहेत, बर्फ पडू दिला जात नाही. या सगळ्या व्यवस्थेला तिथले लोक सारखेपणा म्हणतात. जोनास नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला कुणालाच न मिळणारे काम मिळते. साऱ्या मानवजातीच्या जुन्या आठवणी एकट्याने सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडून त्या स्वतःत उतरवून घ्यायचे. म्हातारा त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवण एका देहातून दुसऱ्या देहात जाते. पहिली आठवण असते बर्फाच्या उतारावरून घसरणाऱ्या गाडीची.

आता या कादंबरीतले सफरचंद पाहू. जोनास आपल्या मित्राबरोबर, ॲशरबरोबर, सफरचंदाची फेकाफेक करत असतो आणि हवेत असताना ते क्षणभर बदलते. काय बदलले हे त्याला सांगता येत नाही. आकार तोच, वजन तेच. पुढे फिओना या मैत्रिणीच्या केसांत तोच बदल दिसतो. वाचक चक्रावतो, काहीतरी जादू असावी, एखादे यंत्र असावे, असे तर्क करतो. बाराव्या प्रकरणात म्हातारा उलगडा करतो, की तुला तांबडा रंग दिसू लागला आहे. त्या क्षणी वाचकाला जो धक्का बसतो तो जोनासविषयी कमी आणि स्वतःविषयी अधिक असतो. आपण इतका वेळ या गावातली झाडे हिरवी आणि आकाश निळे करून वाचत होतो. लेखिकेने तसे कुठेच सांगितलेले नव्हते. तिने फक्त रंगांची विशेषणे गाळली होती आणि रिकाम्या जागा आपण सवयीने भरल्या होत्या.

गद्याला हे साधते, कारण गद्यात न सांगितलेली गोष्ट दिसत नाही. ‘मुलाने सफरचंद फेकले’ एवढे वाक्य पुरते. चित्रकाराला ही मुभा नाही. सफरचंद काढायचे म्हणजे त्याला काहीतरी रंग द्यावा लागणार किंवा नाकारावा लागणार, आणि दोन्ही गोष्टी पहिल्याच पानावर उघड्या पडणार. २०१४ साली फिलिप नॉइस यांनी या कादंबरीवर केलेल्या सिनेमासमोर हाच पेच होता. जेफ ब्रिजेस यांनी त्यात म्हाताऱ्याची भूमिका केली. त्यांची मूळ इच्छा होती की ती आपल्या वडिलांनी, लॉइड ब्रिजेस यांनी करावी. पण सिनेमा उभा राहायला जवळपास वीस वर्षे गेली आणि तोवर मुलगाच त्या वयाचा झाला. सिनेमा कृष्णधवल सुरू होतो आणि हळूहळू रंगतो. पण आजचा प्रेक्षक सिनेमा रंगीतच धरून चालतो. पडदा कृष्णधवल दिसला की त्याला लगेच कळते, इथे काहीतरी सांगायचे आहे. गुपित पहिल्या मिनिटाला फुटते.

चित्रकथेचे तसे नाही, आणि रसेल यांच्या पुस्तकाचे मर्म मला इथेच दिसते. चित्रकथेच्या वाचकाला रंग नसण्याची सवय असते. कितीतरी चित्रकथा काळ्या शाईत छापल्या जातात, कितीतरी एखाद्या जादा रंगात उरकल्या जातात, आणि वाचक त्याचा अर्थ लावत बसत नाही. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघर गेलेला वेताळ आठवावा. १९३६ साली ही चित्रमालिका अमेरिकी दैनिकांतून कृष्णधवल सुरू झाली. तिचे जनक ली फॉक यांच्या मनात वेताळाचा पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत तो निळा होता, इटलीत आणि ब्राझीलमध्ये तो तांबडा आहे. यातून वाचकांचे काही अडले नाही. रंग हा कथेतल्या जगाचा नसून छापखान्याचा, हे चित्रकथेच्या वाचकाने न सांगता मान्य केलेले असते.

रसेल यांनी आपल्या पुस्तकाचा बराच भाग निळसर-करड्या छटांत ठेवला आहे. पेन्सिलीच्या रेघा, फिकट निळी सावली, भरपूर कोरा कागद. अनोळखी वाचक हे पाहतो आणि ही चित्रकाराची शैली आहे असे समजून पुढे जातो. २०१२ साली होप लार्सन यांनी मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ या १९६२ च्या कादंबरीची चित्रकादंबरी केली. तीही काळ्या, पांढऱ्या आणि निळ्या रंगांतच आहे. तिथे निळा रंग काहीही सांगत नाही, तो केवळ सावल्यांचे आणि वातावरणाचे काम करतो. असे पुस्तक हाताळलेल्या मुलाने रसेल यांचे पुस्तक उघडले तर त्याला संशय येण्याचे कारणच नाही. मग सफरचंद हवेत जाते आणि तांबडे चमकते. त्याला शैली वाटलेली गोष्ट त्या जगाची वस्तुस्थिती होती! कादंबरीच्या वाचकाने रिकाम्या जागेत रंग भरले होते. चित्रकथेच्या वाचकाने रंगाचा अभाव पाहूनही पाहिला नव्हता. दोघेही सवयीने फसले, फक्त सवयी वेगळ्या. एका माध्यमातली युक्ती दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येत नाही, तिची जोडीदार युक्ती त्या माध्यमाच्या स्वभावात शोधावी लागते, याचे इतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

निळाच का, असा प्रश्न मात्र उरतो. रंग नसलेल्या जगाला निळी छटा देणे ही काटेकोरपणे पाहिल्यास विसंगती आहे. जोनासला निळाही दिसत नाही. पण जुन्या पद्धतीने काम करणारे कॉमिक्सचे चित्रकार कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करत. छपाईचा कॅमेरा ती निळाई टिपत नसे, म्हणून ती खोडायची गरज पडत नसे. वर शाई फिरवली की खालचे निळे छापील पानावरून आपोआप नाहीसे होई. त्या धंद्यात निळा म्हणजे असूनही न दिसणारा रंग. रसेल १९५१ साली जन्मलेले, त्या पिढीतले. त्यांनी हे मनात धरून केले असो वा नसो, सारखेपणाच्या गावाला हा रंग शोभतो. ते गाव अजून शाई न फिरवलेले, कच्चे राहिलेले वाटते.

या चित्रकाराविषयी थोडे सांगायला हवे. रूपांतर हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग आहे. त्यांनी मोझार्टची ‘द मॅजिक फ्लूट’ आणि वाग्नरची ‘रिंग’ ही ऑपेरा नाट्ये चित्रकथेत आणली, ऑस्कर वाइल्डच्या परीकथा आणल्या, नील गेमन यांची ‘कोरालाइन’ आणि ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ आणली. आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल असे त्यांचे काम म्हणजे गेमन यांच्याच ‘सँडमॅन’ मालिकेचा पन्नासावा अंक. तोही १९९३ सालचा, आणि त्याचे नावच ‘रमादान’. खलिफा हारून अल-रशीदला आपल्या बगदादचे वैभव उद्या मातीला मिळेल या चिंतेने झोप येत नाही. तो स्वप्नांच्या राजाला बोलावून ते शहर त्याच्या स्वाधीन करतो, म्हणजे ते निदान गोष्टीत तरी अमर राहील. शेवटी आपण येतो ते बॉम्बने मोडलेल्या बगदादमध्ये, जिथे एक भुकेला मुलगा ही गोष्ट ऐकत असतो. त्या अंकातले घुमट, गालिचे, नक्षी आणि रंगांची उधळण पाहिली की रसेल यांचा हात मुळात किती सढळ आहे हे कळते. तोच हात ‘द गिव्हर’मध्ये इतका आवरून धरलेला आहे. विषयही तसा एकच: हरवलेले जग कुणीतरी एकट्याने आठवणीत सांभाळायचे.

रंगाच्या बाबतीत हे पुस्तक जिंकते. इतर इंद्रियांच्या बाबतीत मात्र ते अडचणीत येते. लाउरी यांच्या कादंबरीत आठवणी प्रथम कातडीला कळतात. बर्फाची आठवण ही आधी थंडी आहे, गालाला झोंबणारा वारा आहे. मोडलेल्या पायाची आठवण म्हणजे हाडातली कळ. युद्धाच्या आठवणीचे प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचे. त्यात रणांगणाचे वर्णन थोडे आणि मरणाऱ्या पोराची तहान अधिक. वाचताना आपली जीभ कोरडी पडते. तहान चित्रात कशी काढायची? ओठ काढता येतील, पाण्याचे भांडे काढता येईल. युद्धाची चित्रे तर आपण रोजच्या बातम्यांत इतकी पाहिली आहेत, की त्यांत आणखी एकाची भर पडते इतकेच. रसेल यांनी मूळ मजकूर बराच राखला आहे, चौकटींतून तो आपल्यापर्यंत येत राहतो, आणि अशा जागी चित्रापेक्षा तो मजकूरच अधिक काम करतो. रंगावर फार ओझे पडते. थंडीही त्यानेच दाखवायची, कळही त्यानेच, आनंदही त्यानेच. कादंबरीत रंग ही जोनासला परत मिळालेल्या अनेक गोष्टींपैकी एक होती, चित्रकादंबरीत ती जवळजवळ सगळी गोष्ट होऊन बसते.

उलट जिथे एकसारखेपणा दाखवायचा तिथे चित्राची ताकद गद्याला येत नाही. एकाच मापाची घरे, एकाच रांगेत लावलेल्या सायकली, सभागृहात वयाप्रमाणे बसवलेली मुले. गद्यात हे एकदा सांगून लेखक पुढे जातो; चित्रात ते प्रत्येक चौकटीच्या पार्श्वभूमीला बसून राहते. लार्सन यांच्या पुस्तकातही कॅमाझॉट्झ या ग्रहावर एकाच तालात चेंडू आपटणारी मुले येतात, तेव्हा चौकटींची रांग हाच त्या तालाचा ठेका होतो.

आता चेहऱ्यांकडे वळू. माझी खरी तक्रार इथे आहे. कादंबरीत जोनासच्या चेहऱ्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. त्याचे डोळे फिकट आहेत एवढेच ठळकपणे येते. त्याच्या घरी वाढणाऱ्या तान्ह्या गॅब्रिएलचेही तसेच आहेत आणि म्हाताऱ्याचेही. हा फिकटपणा चित्रकाराने सहज साधला आहे, कारण तो उजेड-अंधाराचा मामला आहे, रंगाचा नाही. पण बाकीचा चेहरा? कादंबरीत म्हातारा सांगतो, की एके काळी माणसांच्या कातडीचे अनेक रंग होते, सारखेपणा आला तेव्हा तेही गेले. या वाक्यापाशी वाचकाने थांबावे अशी लेखिकेची योजना असावी. सगळ्यांची कातडी एकच झाली, म्हणजे कुणाची झाली? कादंबरी याचे उत्तर देत नाही, आणि म्हणूनच सोलापूरची किंवा मालेगावची मुलगी ती वाचताना जोनासला आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाचा चेहरा देऊ शकते. चित्राने हे उत्तर देऊन टाकले आहे. निळसर छटेखाली कातडीचा रंग लपतो. नाक, ओठ, केस लपत नाहीत, आणि ते सगळे गोऱ्या अमेरिकी माणसांचे आहेत. सिनेमानेही बहुतांशी तेच केले.

हे अटळ होते असे म्हणता येणार नाही. लेंगल यांच्या कादंबरीतली मेग लार्सन यांनी गोरीच काढली, पण २०१८ सालच्या सिनेमात दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांनी ती भूमिका स्टॉर्म रीड या कृष्णवर्णीय मुलीला दिली. त्याने कथेचे काही बिघडले नाही. चित्रकार जेव्हा ‘कुठलाही माणूस’ काढतो तेव्हा तो कुणाला काढतो, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्याकडच्या चित्रांत ‘कुठलाही मुलगा’ काढायचा असला की एक चेहरा ठरलेला असतो, आणि मुसलमान मुलगा काढायचा असला की टोपी आणावीच लागते. टोपीशिवाय तो ‘कुठलाही’ होऊ शकत नाही. रसेल यांनी रंगाच्या बाबतीत वाचकाची सवय उघडी पाडली. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र ते स्वतःच सवयीच्या स्वाधीन झाले. ज्या पुस्तकाचा विषयच सारखेपणा आहे, त्या पुस्तकात ही चूक लहान नाही.

‘रिलीज’चा प्रसंग हा कादंबरीचा कणा. या गावात म्हातारे, नियम मोडणारे आणि अशक्त तान्ही मुले यांना रिलीज केले जाते, म्हणजे दुसरीकडे पाठवले जाते अशी सर्वांची समजूत. हा शब्द पहिल्या प्रकरणापासून सहज येत राहतो. (मराठीत आणताना अनुवादकाची इथे कसोटी लागेल. ‘सुटका’ म्हणावे, तर आपल्याकडे माणूस गेल्यावर ‘सुटला बिचारा’ म्हणण्याची रीत आहे. मराठी वाचकाला गुपित आधीच कळेल. चित्राप्रमाणे भाषाही कधीकधी चहाडी करते.) जोनासचे वडील तान्ह्या मुलांचे संगोपन करणारे, प्रेमळ गृहस्थ. जुळ्यांपैकी वजनाने कमी असलेल्या बाळाला त्यांनी रिलीज करतानाचे चित्रीकरण जोनास पाहतो. सुई, कपाळाची शीर, हालचाल थांबणे, खोके. वडिलांचा लाडिक स्वर शेवटपर्यंत तसाच.

गद्यात हे शब्दामागून शब्द येते आणि वाचक जोनासइतकाच उशिरा उमजतो. चित्रकथेत डोळा आधी सगळे पान एका दमात पाहतो आणि मग चौकटी वाचतो. खालच्या कोपऱ्यातले मृत बाळ वरच्या चौकटीच्या आधी दिसू शकते. म्हणून अशा जागी चित्रकार पान उलटण्याचा आडोसा घेतात, किंवा हालचाल बारीक तुकड्यांत तोडून गती मंद करतात. स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात (योगायोग असा की तेही १९९३ सालचेच) दाखवून दिले आहे, की चित्रकथेतली घटना दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडते आणि ती घडवणारा वाचक असतो. एका चौकटीत सुई, पुढच्या चौकटीत निश्चल बाळ. मधल्या पट्टीत ते बाळ कुणी मारले? कादंबरीत आपण साक्षीदार होतो, इथे थोडे भागीदार होतो. हा प्रसंग चित्रात पुन्हा पाहण्याचे धाडस मला झाले नाही, ही या रूपांतराला दिलेली दादच समजावी. चित्रांची पुस्तके सोपी असतात म्हणणाऱ्यांनी तेवढे पान उघडून पाहावे.

राहता राहिला शेवट. जोनास गॅब्रिएलला घेऊन पळतो. भुकेने, थंडीने दोघे अर्धमेले होतात. बर्फाची एक टेकडी येते, तिथे पहिल्या आठवणीतली घसरगाडी त्याची वाट पाहत असते, खाली घरांत तांबडे, निळे, पिवळे दिवे लागलेले असतात. तो पोहोचला की गोठून मरताना त्याने शेवटची आठवण पाहिली, याचा निर्णय कादंबरी देत नाही. पुढच्या पुस्तकांतून, विशेषतः २०१२ च्या ‘सन’मधून, लाउरी यांनी स्वतःच तो देऊन टाकला, आणि मला तो द्यायला नको होता. चित्राला ‘कदाचित’ म्हणता येत नाही. दिवे काढले की ते आहेत. पण या पुस्तकाने तोपर्यंत वाचकाला एक गोष्ट शिकवलेली असते: निळसर-करडे ते समोरचे, रंगीत ते आठवणीतले. पुढे जोनासच्या डोळ्यांत रंग भरू लागतात तशी ही वाटणी ढिली होत जाते. त्यामुळे टेकडीखालचा तो रंगीत उजेड समोरचा आहे की आतला, हे रंगावरून ठरवण्याची सोय नेमकी तिथे उरत नाही. शंका शाबूत राहते.

मूळ कादंबरीच्या मुखपृष्ठावर दाढीवाल्या वृद्धाचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे, आणि कडेला फाटल्यासारख्या पट्टीत झाडांमागचा सोनेरी उजेड. छायाचित्र लाउरी यांनीच काढलेले. तो वृद्ध म्हणजे कार्ल नेल्सन हा चित्रकार. मेनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो एकटा राहत असे, आणि १९७९ साली एका नियतकालिकासाठी त्या त्याला भेटायला गेल्या होत्या. दोघे रंगांविषयी बोलत राहिले. या माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक रंग दिसतात आणि ती नजर त्याने आपल्याला देऊन टाकावी, असे त्यांना तेव्हा वाटले होते. पुढे नेल्सन आंधळा झाला.